हसरा फोटो
शिवणकाम करणाऱ्या ताईने नवं मशीन ऑनलाइन मागवलं. दुकान अनोळखी होतं, पण अभिप्रायांत धाकट्या बहिणीचा फोटो दिसला. ती मशीनवर हात ठेवून हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘डोळे झाकून घ्या.’

खोक्यातून विटा निघाल्या.

ताईने बहिणीला फोन लावून दुकानाचं नाव सांगितलं. “सख्ख्या बहिणीला फसवलंस?”

“अगं, त्या दुकानाचं मी नावही ऐकलेलं नाही!”

ताईने रागाने फोन ठेवला आणि तो फोटो पुन्हा उघडला. त्याच्या वरती आता आणखी एक नवा अभिप्राय आणि फोटो होता. त्यात ताई स्वतःच होती. याच खोलीत, आजच्याच कपड्यांत, नव्या मशीनपाशी बसून हसत होती.

तेवढ्यात बहिणीचा मेसेज आला.

‘त्या दुकानाच्या अभिप्रायांत तुझा फोटो पाहिला. मशीन मिळालंय की तुला! मग माझ्यावर आळ का घेतलास, ताई?’