भुऱ्याची तहान

दुपारी भुऱ्या बोक्याशेजारी आडवं होऊन कपाळाला स्वप्नं जोडणारी पट्टी लावली, की कुमुदिनीताईंना त्याला पडणारीच स्वप्नं दिसत. त्या दिवशी स्वप्नात त्या अख्खी नदी प्यायल्या, तरी घसा कोरडाच राहिला. जाग येताच त्यांनी भुऱ्याला डॉक्टरांकडे नेलं.

“साखर फार वाढलीय,” रक्त तपासून डॉक्टर म्हणाल्या. “रोज दोनदा इन्सुलिन टोचावं लागेल. जमेल ना?”

जमलं. पण सुई पाहून भुऱ्या अंग चोरायचा. त्याच्या स्वप्नात आपण कशा दिसत असू, या धास्तीने त्यांनी महिनाभर पट्टी लावलीच नाही.

अखेर एका दुपारी लावली. तहान कुठेच नव्हती. कोवळं ऊन होतं आणि निळ्या साडीतली एक उबदार मांडी. ती आपलीच आहे, हे त्यांना जरा उशिरा कळलं.