नाक खाडीकडे

चेंदणीच्या नव्या इमारतीत धाकू कोळ्याला खोलीसोबत अरुंद गॅरेज मिळालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बजावलं, “दिवेलागणीपर्यंत होडी आत आणि शटर बंद, नाहीतर भंगारवाला नेईल.” “मना कोनाचा हात नको,” म्हणत धाकूने होडीचा ट्रेलर उलटा फिरवला. गॅरेजचं दार खाडीकडे, आणि होडीचं नाक नेहमी खाडीकडे, हा बापाचा दंडक. मग स्वतः आत शिरून मागच्या भिंतीशी टेकून दोराने ओढू लागला. दोन्ही भिंती होडीला घासल्या. रस्त्यावरचे दिवे लुकलुकू लागले, तरी नाक चार बोटं बाहेरच. “ओढा हो!” सेक्रेटरी शटर धरून म्हणाले. “वढतोय, पन मधी पोट हाय!” “मंग पोट आत घे!” बाहेरून त्याची बायको ओरडली. धाकूने श्वास कोंडला, दोर ओढला. शटर खाली आलं. “होडी शिरली,” बायको घाबरली, “मानूस भायेर कसा येनार?” आतून होडीवर चढत धाकू म्हणाला, “शटर उघड गो, पलीकडं यायलाच होडी असते!”