सरळ रेषेत दोन तास चाळीस मिनिटं

विमान वेळेवर सुटलं, दोन तास चाळीस मिनिटांत उतरलं आणि फलकवाल्याला त्याची बायको भेटली. हे वाचलं असेल तर विसरून जा. असं काही झालेलं नाही.

झालं ते एवढंच. फलकवाला एका आडबाजूच्या विमानतळावर सुटणाऱ्या विमानांचा फलक सांभाळायचा. दिवसाला विमानं दोन, बाकी फलक रिकामा. बायको तशाच दुसऱ्या आडबाजूच्या विमानतळावर हवामान नोंदवायची. मधलं अंतर सरळ रेषेत एक हजार आठशे शेहेचाळीस किलोमीटर. विमानाला दोन तास चाळीस मिनिटं लागली असती, पण विमानच नव्हतं. होती ती वाट तीन विमानं आणि एका बसची, एकोणतीस तासांची. रजा मिळायची दोन दिवस. म्हणजे पोचायला पाच तास उरले असताना मागे फिरावं लागलं असतं.

म्हणून रोज सकाळी दारं उघडायच्या आधी तो तिसऱ्या ओळीत तिच्या गावचं विमान टाकायचा, फोटो काढून तिला पाठवायचा आणि ओळ पुसायचा. आज पुसायच्या आत तिचाच फोन आला.

"आज कुठलं गेट रे?"

"दोन. खिडकीजवळची जागा धरलीये."

"इकडे ढग शून्य. वाराही नाही. उतरायला अगदी छान हवा आहे," ती म्हणाली. बोलता बोलता ओळ पुसायची राहून गेली.

तेवढ्यात दारं उघडली. त्याच गावी राहणाऱ्या मुलाकडे जायचं कसं, हे विचारायला आलेल्या एका मावशींनी फलक वाचला आणि काही न विचारता गेट दोनसमोर बॅग टेकवली. त्यांच्यामागे आणखी चौघं उभे राहिले. त्यांना कुठेच जायचं नव्हतं, पण रांग दिसली.

फलकवाला फोन ठेवून धावत आला.

"किती वेळ लागतो हो?" मावशींनी विचारलं.

"दोन तास चाळीस मिनिटं, मावशी." सवयीनं तोंडून निघून गेलं.

"एवढंच?" मावशी बॅगेवरच बसल्या. "मग तीन वर्षं मुलगा यायचा राहिला कसा?"

फलकवाल्यानं त्यांना अंतर सांगितलं, अगदी मीटरपर्यंत.

मागून साहेब आले. "विमान कुठाय?"

"नाहीये, साहेब."

"मग फलकावर कशाला?"

"जागा रिकामी होती."

"'रद्द' टाका. आणि तासाभरात खुलासा माझ्या टेबलावर!"

फलकवाल्यानं 'रद्द' हा शब्द निवडला, बटणावर बोट ठेवलं. मावशी मान वर करून तिसरी ओळ बघत होत्या. त्यानं बोट उचललं आणि आधी खुलासा लिहायला घेतला.

"महोदय, सदर विमान अस्तित्वात नाही, ही चूक मान्य आहे. तथापि त्यासाठी प्रत्यक्ष प्रतीक्षेत असलेले प्रवासी दोन असून, पैकी एक कर्मचारी आहे. तरी सदर विमान फलकावर 'रद्द' असे न दाखवता, पुढील आदेश होईपर्यंत 'उशिराने' असे दाखवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."