येसबाचा उतार

टण्णकन फडताळातली ताटली पडली आणि दुपारच्या शांततेत वनिता दचकली. मांडीवरचं तान्हं नुसतं कूस बदलून पुन्हा झोपलं.

“आई, लिही ना पुढे,” सात वर्षांची स्वरा म्हणाली. उद्या शाळेत तिला गावाच्या नावाची गोष्ट सांगायची होती. गावाचं नाव येसबाचा उतार, उतार म्हणजे नदी पार करायची जागा, आणि येसबा तर त्यांच्याच घराण्यातले नावाडी.

वनिताने मोठ्या कौतुकाने लिहिलं, ‘महापुरात येसबांनी एकट्याने होडी वल्हवली आणि सात खेपांत अख्खं गाव पैलतीरी नेलं.’

“अख्खं कुठलं?” शेंगा फोडता फोडता सासूबाई म्हणाल्या. “नावाड्याचं घर शेवटच्या खेपेला, हा आपला भोयांचा रिवाज. आठव्या खेपेला घरच्यांना आणायला निघाले नि मधेच होडी फुटली. ते पोहून वाचले. त्यांची पहिली लेक चिंचेवर बसून बापाला हाका मारत होती. उजाडलं, तेव्हा चिंचच नव्हती.”

“आत्याबाई, हे कधी बोलला नाहीत!”

“काय बोलायचं, बाई? सारा गाव त्यांना हात जोडतो.”

हात तर वनिताही रोज जोडत होती. आता त्या माणसाच्या पाया पडावं की त्याला जाब विचारावा, तिला कळेना. गाव वाचलं, हे खरंच होतं. चिंचेवरची ती पोरही खरीच होती.

स्वरा तिला बिलगली. “आई, होडी तुझी असती, तर तू मला कितव्या खेपेला नेलं असतंस?”