दफनभूमीच्या फाटकातली ट्रॉली

दुकानातली सामान ढकलायची ट्रॉली अजून फाटकाशी आलेली नव्हती. हासिन्तोनं पिकअप थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रोज दुपारी ती इथंच मिळायची, दुकानापासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दफनभूमीच्या फाटकापाशी. तो ती मागे चढवायचा आणि आत न डोकावता निघून जायचा. आज तो मुद्दाम लवकर आला होता. आज आत जावंच लागणार होतं.

सकाळीच मॅनेजर नॉर्मानं त्याला गाठलं होतं. "नगरपालिकेची पुन्हा नोटीस आली, हासिन्तो. ट्रॉल्या आवाराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, असा नियमच झालाय. आता आणखी एक जरी रस्त्यावर सापडली, तर मालक नवी चाकं बसवणार. आवाराची लाल रेघ ओलांडली की चाक जाम. मग गोळा करायला माणूस कशाला लागतोय?"

"चाकांचे गुडघे दुखत नसतील, तेवढं बरं," तो म्हणाला.

नॉर्मा हसली नाही. "नोटिशीत फोटो त्या दफनभूमीजवळच्या ट्रॉलीचाच आहे. कोण नेतंय ते बघ आणि बंद कर."

एक काळ असा होता, की ट्रॉली घरी नेण्याला या गावात कुणी चोरी म्हणत नसे. द्राक्षांच्या मळ्यातून सुटलेल्या बायका सामान भरायच्या, वर एखादं पोर बसवायच्या आणि थेट दारापर्यंत ढकलत न्यायच्या. संध्याकाळी कुणाचा तरी नवरा गप्पा मारत ती परत आणून लावायचा. आता ते नवरे राहिले नव्हते. ते काम हासिन्तोच्या गळ्यात आलं होतं, आणि तोही थकला होता.

तो आत शिरला. दुष्काळामुळे दफनभूमीचं पाणी तोडलं होतं. सगळं गवत पेंढ्यासारखं वाळलं होतं. फक्त कुंपणाजवळ हिरवा तुकडा दिसत होता. तिथंच ट्रॉली उभी होती. तिच्यात पाण्याचे दोन कॅन होते, एक भरलेला, एक रिकामा. शेजारी गवती टोपीतला एक अनोळखी म्हातारा गुडघे टेकून माती भुसभुशीत करत होता.

"चोर सापडला म्हणायचा," हासिन्तो म्हणाला.

"सेवेरो नाव चोराचं. पोलिसांना नीट सांगा, माझं नाव सगळे चुकवतात."

"ही ट्रॉली मला न्यावी लागेल. पुन्हा इथं दिसली, तर माझी नोकरी जाईल."

"न्या की." म्हातारा कसाबसा उठला. "घरून एक कॅन मी खांद्यावर आणीन. माझ्या बायकोला एक पुरतो. दोन झेपत नाहीत, म्हणून ही घेत होतो."

"मग दुसरा कशाला?"

सेवेरोनं हनुवटीनं पलीकडची कबर दाखवली. तिथं झेंडूची दोन रोपं तरारून आली होती. "तिची शेजारीण. हिच्याकडे कुणीच फिरकत नाही. आपलं तेवढं हिरवं आणि शेजारणीचं वाळलेलं, बरं दिसतं का? माझी बायको भांडेल वर गेल्यावर. म्हणेल, शेजारधर्म कुठं गेला तुझा?" त्यानं टोपीनं वारा घेतला. "घरची माणसंही मेली असतील बिचारीची. आता तिचं वाळणार. त्याला काय करायचं?"

हासिन्तोनं भरलेला कॅन उचलला, झेंडूच्या मुळाशी हळूहळू रिता केला. माती पाणी पिईपर्यंत उभा राहिला. मग ट्रॉली ढकलत बाहेर नेली, पिकअपवर चढवली, पट्टा आवळला. दोन्ही रिकामे कॅन त्याच्या हातात होते. एक त्यानं मागोमाग आलेल्या सेवेरोला दिला. दुसरा आपल्या शेजारच्या सीटवर ठेवला.

"अहो, तो कुठं नेताय?"

"तुमच्या बायकोचा तुम्ही आणा," हासिन्तो म्हणाला. "माझ्या बायकोचा मी आणत जाईन."