दिवस बुडायच्या आत

सदुसष्टचा वैशाख चोपडा गावाला भाजून काढत होता, तरी कापड दुकानदार पन्नालालच्या बायकोचे, कुसुमलताचे, हातपाय गारच. शेवटी त्याने तिला डॉक्टरांना दाखवलं.

"अंगात रक्त फार कमी आहे, शेठ. संध्याकाळी काय खातात या?"

"आमच्यात दिवस बुडाल्यावर कोणी अन्नाला शिवत नाही," पन्नालाल ऐटीत म्हणाला. "मी दुकानातून धावतपळत येतो, ही गरम फुलके वाढते, अन् दिवस बुडता बुडता मी शेवटचा घास घेतो."

"आणि या कधी जेवतात?"

"माझ्याआधी कशी जेवेल? माझं झालं की मग..."

बोलता बोलता पन्नालाल थांबला. त्याला तिच्याकडे बघवेना.

 

कुसुमलताने आपले गार हात पदराखाली लपवले, जणू चूक तिचीच होती.