लिंबाची फोड

आईने दुधाचं पातेलं दोनदा करपवलं म्हणून लेकाने तिचा गॅस काढून नेला होता, आणि आज तो आईलाच आपल्या घरी न्यायला आला होता. तिने वाद घातला नाही. "आधी जेवून घे," म्हणाली आणि काकडी, गाजर, सिमला मिरची भराभर चिरून त्यावर संत्र्याचा आणि लिंबाचा रस पिळला. "गॅस लागतोय कुणाला!"

तेवढ्यात बेल वाजली, म्हणून ती दाराशी गेली आणि शेजारणीशी गप्पांत रमली. लेकाने ओट्याकडे पाहिलं, तर पिळलेली लिंबाची फोड मिठाच्या बरणीवर तशीच पडलेली. म्हणजे मीठ घालायचं राहिलंच, असं त्याने मनाशी धरलं. फोड कचऱ्यात टाकून त्याने चमचाभर मीठ कोशिंबिरीत कालवलं.

आई परतली आणि बरणीच्या झाकणावर काहीच नाही हे बघून थबकली.

"माझी फोड कुठे गेली?"

"टाकली मी. बरणीवर पडली होती."

"पडली नव्हती रे, ठेवली होती. मीठ घातलं की मी वर फोड ठेवते, म्हणजे परत घातलं जात नाही."

लेकाने एक घास खाऊन पाहिला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"आणखी दोन काकड्या चीर आता," दुसरं संत्रं सोलत आई म्हणाली. "मी विसरते, हे माझ्या पक्कं लक्षात असतं. म्हणून माझं एकटीचं नीट चालतं. घोटाळा होतो तो तू मदतीला आलास की!"